बॅगेचा आकडा

“चारशे दहा. नाही. चारशे अकरा. नाही.”

काका बॅग मांडीवर घेऊन बसले होते. कुलपाचं चाक एक घर पुढे सरकवायचं, बाजूची कळ दाबायची, नाही उघडलं की पुढचा आकडा. उद्या सकाळी काका-काकूंना लेकीकडे जायचं होतं. कपडे भरून कालच काकांनी नवा आकडा लावला आणि आज तो डोक्यातून साफ गेला होता.

“संध्याकाळी कटर आणतो,” मुलगा म्हणाला. मग आवाज खाली आणून काकूंना, “आई, कालचा आकडा बाबांना आज आठवत नाही. तुम्हाला दोघांनाच कसं सोडू? ताईला सांगतो, येत नाहीत म्हणून.”

“कटरबिटर काही नको,” काका मान वर न करता म्हणाले. कान अजून शाबूत होते. “हजारच तर आकडे आहेत. पळून जातात कुठे?”

पाणीखात्याच्या गोदामात त्यांना सगळे ‘शून्यापासून साहेब’ म्हणत. किल्ल्यांचा जुडगा हाती आला की पहिल्या किल्लीपासून सुरुवात. पेपरातल्या आकड्यांच्या कोड्यालाही तोच न्याय. काकू भाजी चिरता चिरता “सत्तावीस असेल” म्हणून मोकळ्या व्हायच्या. “असेल काय? बघावं लागतं!” म्हणत काका दहापासून निघायचे आणि यथावकाश सत्तावीसला पोचायचे. अशा माणसाबरोबर संसार करायला धीर लागतो. काकूंकडे तो होता, आणि वर त्यांचा या माणसावर जीवही होता.

दुपारी काकांचा डोळा लागला तशी काकूंनी बॅग ओढली. लेकीचा वाढदिवस, लग्नाची तारीख, घराचा नंबर, सगळे अंदाज फुकट गेले. मग जन्मात पहिल्यांदा त्या ओळीने निघाल्या, फक्त उलट्या टोकाकडून. पाचशे त्र्याहत्तरला टक् झालं. काकूंनी बॅग गुपचूप बंद केली आणि चाकं होती तिथे, चारशे बारावर आणून ठेवली. उघडायची तर ती काकांच्याच हातून.

चहा घेऊन काका पुन्हा बसले. काकू शेजारी लसूण सोलत होत्या.

“पाचशे एकाहत्तर. नाही. पाचशे बाहत्तर. नाही. पाचशे त्र्याहत्तर...” आणि कळ न दाबताच काकांनी चाक पुढे सरकवलं. “पाचशे चौऱ्याहत्तर. नाही.”

काकूंचं सोलणं थांबलं. आकडा काय, कोणीही विसरेल. पण ओळीने जाताना काका आजवर कधी चुकले नव्हते.

“अहो, माझं लक्ष नव्हतं. सत्तरपासून पुन्हा करा ना.”

“तुझं लक्ष कशाला हवंय?”

“करा हो. माझ्यासाठी.”

कुरकुरत काका मागे गेले. त्र्याहत्तरला झाकण उघडलं. कटर घेऊन आलेला मुलगा बघतच राहिला. “कमाल आहे बाबा तुमची! ताईला कळवतो, निघताय म्हणून,” असं म्हणत तो फोन घ्यायला आत गेला.

काका मात्र हसले नाहीत. कपड्यांच्या घड्यांवरून त्यांनी एकदा हात फिरवला. मग त्यांनी बॅग हलकेच काकूंकडे सरकवली.

“आता आकडा तू लाव,” ते म्हणाले. “मला सांगू नकोस. मी शोधायला बसलो, की शेजारी बस.”