समांतर जोडणी

काशीरामने म्हातारीच्या हातात तिकीट दिलं आणि मशीन छातीशी धरून तो मागच्या बाकांकडे वळला. पोलादपूरहून महाडला निघालेली सकाळची एसटी. कॉलेजच्या दोन मुली एकाच मोबाइलवर वाकल्या होत्या. त्यातून आवाज येत होता.

"घाबरू नको गो, सोपं हाय."

काशीरामचा हात दांडीवरच थांबला. आवाज त्याच्या थोरलीचा, मानसीचा होता.

मानसी आता बीएस्सीला होती. अकरावीत ती फिजिक्सचे इंग्रजी व्हिडिओ एकामागून एक बघायची, आणि पेपरात मात्र हात चालायचा नाही. मग तिनं आपली रीत काढली. थोडं बघायचं, मोबाइल पालथा ठेवायचा आणि परसात जाऊन तेच आपल्या बोलीत मोठ्यानं सांगायचं. जिथं अडेल तेवढाच भाग पुन्हा बघायचा. पुढं ती आपलं बोलणं रेकॉर्डही करू लागली. ते घराबाहेर पडलंय, हे काशीरामला ठाऊक नव्हतं.

"कोण गो ही?" त्यानं विचारलं.

"मानसीताई," एक मुलगी म्हणाली. "आम्ही कधी बघितलेलं नाय, पण तिचं रेकॉर्डिंग वर्गात सगळ्यांकडं हाय. आज पेपर हाय ना. मागल्या खेपेला दोघी नापास झालो."

"आन् आता?"

"आता आधी व्हिडिओ बघतो, मग ताईचं ऐकतो. आन् मग मी हिला शिकवते, ही मला." मैत्रीण हसली.

मानसी बोलतच होती. "विजेची समांतर जोडणी म्हणजे काय? कशेडीचा घाट एकटाच होता तवा गाड्या तुंबायच्या. बोगदा झाला, दुसरी वाट मिळाली, गाड्या वाटल्या गेल्या. वाटा वाढल्या की अडथळा घटतो. हे मला कुठल्या व्हिडिओत नाय सापडलं. माझे बाबा एसटीत कंडक्टर हायत, त्यांनी जेवताना सांगितलं."

काशीराम खिडकीबाहेर बघू लागला. गणवेशाचं वरचं बटण त्यानं उगाच चाचपलं.

"काका, कुणाचं तिकीट राहिलं काय?"

"नाय." तो त्यांच्या मागच्या रिकाम्या बाकावर टेकला आणि पुढं झुकला. "जरा मागं घे गो. शेवटचं नीट ऐकू आलं नाय."