सिस्टरबाईंच्या दवाखान्यातला बाक

मी एक जुना बाक आहे, बंद दवाखान्याच्या व्हरांड्यातला. माझा एक पाय डुगडुगतो. कुणी बसलं की मी कुरकुरायचो. पण मित्रांनो, आता कुरकुरायलाही माणूस मिळत नाही.

सुताराने मला चौघांसाठी बनवलं. बसायचे सातजण, वर मांडीवरची पोरं वेगळी. रांग तर अशी, की शेवटच्याचा ताप नंबर लागेपर्यंत आपोआप उतरायचा आणि तो सिस्टरबाईंचे आभार मानून घरी जायचा. खोटं वाटतं? वाटू द्या. डॉक्टर अधूनमधून यायचे. एरवी सिस्टरबाई एकट्या. त्याच केसपेपर करायच्या, त्याच सुई टोचायच्या, त्याच रागवायच्या. दमेकरी शिंपीकाका दारातूनच बोलू लागले, की आतून आवाज यायचा, "काका, आधी श्वास घ्या. गप्पा कुठे पळून जात नाहीत."

मग अर्थशास्त्राच्या एक अभ्यासक बाई आल्या. कुठल्या दवाखान्याची लोकांना किती गरज आहे, सरकारने पैसा कुठे घालावा, हा त्यांचा विषय. बाई भल्या होत्या. पेशंटचा खोळंबा नको म्हणून त्यांनी सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना माझ्यापाशी बोलावलं.

बाई यायच्या आधीच काका कुजबुजले, "ताटकळतो म्हणून सांगाल, तर बोलणी बिचाऱ्या सिस्टरबाईंना बसतील."

"म्हणजे खोटं बोलायचं?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"खोटं कसलं? जरा आखूड करून सांगायचं. माझा धंदाच आहे तो."

बाईंनी विचारलं, "किती वेळ थांबावं लागतं?"

"थांबणं कसलं? चप्पल काढतो न काढतो, तोच नंबर," मावशी म्हणाल्या. सगळ्यांनी तीच री ओढली. मी जिवाच्या आकांताने कुरकुरलो. बाई म्हणाल्या, "याला एक खिळा मारून घ्या."

अहवाल आला. इथे कुणालाच थांबावं लागत नाही, म्हणजे गरज कमी. हा दवाखाना मोठ्या रुग्णालयात विलीन करावा. सिस्टरबाईंची बदली झाली. जाताना त्यांनी रोजच्यासारखं माझ्यावरून फडकं फिरवलं आणि दाराला कुलूप लावलं.

पुढे बदलाचा परिणाम तपासायला बाई परत आल्या. काका माझ्यावर धापा टाकत बसले होते.

"काका, आता तिकडे किती वेळ थांबावं लागतं?"

"मुळीच नाही." काकांनी दम खाल्ला. "मी जातच नाही. दोन बस बदलायला छाती कुठून आणू?"

बाईंचं पेन थांबलं. "मग तेव्हा खरं का नाही सांगितलंत?"

"तुम्ही सिस्टरबाईंना बोलला असता."

"मी त्यांच्यासाठी मदतनीस मागणार होते, काका."

 बाई काकांच्या शेजारी बसून राहिल्या.

मित्रांनो, ज्याच्यावर माया आहे, त्याच्या दारातली रांग लपवू नका. त्याचं ओझं दिसलं, तरच कुणी हात लावतं. बाई म्हणे नवा अहवाल लिहिताहेत. कुलूप अजून आहे तिथेच आहे. सकाळी पायरीवर पाऊल वाजलं, की मी अंग ताठ करतो. बहुधा मांजर असतं. बसतं बिचारं, पण त्याला वजन म्हणून नाही.