बायको मीठ विसरली तेव्हा

शिंपीकाकांच्या बायकोने बाहेरच्या खोलीत समुद्र पाळला होता. कुणी म्हणेल, काचेची पेटी ती, समुद्र कसला. पण तिच्यातल्या लाटा बघून समोरच्या आजोबांना बोट लागायची, हे त्यांनी स्वतः शपथेवर सांगितलेलं आहे. पेटीत मधोमध दगडी प्रवाळ. काकूंनी अंगठ्याएवढा तुकडा आणून तो फांद्या फुटेपर्यंत वाढवला होता. संध्याकाळी फांदीफांदीवर इवली तोंडं उघडायची. काकू त्याला ‘धाकटी’ म्हणत. थोरली सासरी होती. तिचं बाळंतपण आलं तशा काकू निघाल्या.

“पाणी आटेल तेवढं या पिंपातलं घालायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही.”

“अगं, मी काय लहान आहे?”

“लहान असता तर सोपं होतं.”

दुसऱ्या दिवशी काकांनी पिंपातलं पाणी चाखून पाहिलं. चक्क गोडं. एवढ्या संसारात बायको मीठ विसरली ती पहिल्यांदाच, आणि काकांना गहिवरून आलं. नातवंडाच्या घाईत राहून गेलं असेल बिचारीकडून. कळलं तर जिवाला लावून घेईल, म्हणून फोनवर त्यांनी अवाक्षर काढलं नाही. कपाटातला समुद्री मिठाचा डबा काढला आणि रोज मुकाट्याने पाण्यात मीठ कालवून पेटी भरत राहिले.

धाकटीने तोंडं मिटली. आधी वरच्या फांद्यांनी, मग सगळ्यांनीच. काका मशीन सोडून काचेला नाक लावून बसू लागले. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तीन बाह्या लागल्या. तो अजून घालतो, तिसरीत छत्री ठेवतो. पण एका फांदीचं टोक पांढरंफटक पडलं, तेव्हा काकांचा धीर सुटला. त्यांनी फोन लावला.

“अगं, धाकटी तोंडच उघडत नाही.”

“पाणी कुठलं घालताय?”

“पिंपातलंच. तू मीठ विसरली होतीस, तेवढं मी घालून घेतो.”

पलीकडे काकूंनी कुरकुरतं बाळ थोरलीकडे दिलं.

“अहो, आटतं ते पाणी. मीठ पेटीतच राहतं. तुम्ही त्यावर रोज आणखी ओतलंत. खारवायला घातलंत तिला. मला विचारायचं तरी.”

“तुला वाईट वाटलं असतं.”

काकांनी नाक ओढलं. “रडू नका आता,” काकू हळूच म्हणाल्या, “तेही खारटच.”

काका बादली शोधायला उठलेच होते.

“एकदम बदलू नका, धक्क्याने जाईल. पेलाभर काढा, पिंपातलं पेलाभर घाला, मग थांबा. शिवण कशी टाक्याटाक्याने उसवता, तसं.”

काका उसवत बसले. पेला काढायचा, पेला घालायचा, मग खारटपणा मोजायच्या नळीला डोळा लावून बघायचं, आणि पुन्हा वाट बघायची.

काकू आल्या त्या चपलांसकट पेटीपुढे उभ्या राहिल्या. पांढरं टोक गेलं ते गेलंच होतं. बाकीच्या फांद्यांवर तोंडं उघडली होती, जरा बिचकतच.

“एक टोक गेलं माझ्या हातून,” काका म्हणाले.

“दिसतंय.” काकूंनी ड्रॉपरमध्ये खाणं भरलं आणि तो त्यांच्याच हातात दिला. “भरवा.”

“मी?”

“मग काय, समोरच्या आजोबांना बोलावू?”

बारीकबारीक सुया ओवणाऱ्या काकांनी ड्रॉपर एकदम दाबायला घेतला. काकूंनी मनगट धरलं. एका तोंडाने कण धरला, मग शेजारच्याने.

“सावकाश,” काकू म्हणाल्या, “सगळ्यांना मिळू दे.” मनगट काही त्यांनी सोडलं नाही.