रोबोचा बंब

रोबोचा उजवा पाय गुडघ्यातून उलटा वळला, कट्‌ असा आवाज झाला आणि प्रभाकररावांनी डोळे मिटून घेतले. उघडून पाहिलं, तर मोडलं काहीच नव्हतं. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि समोरच्या कागदावरचं चौदावं चित्र परत पाहिलं. कागद सगळा जपानी. कळण्यासारखे होते ते फक्त बाण, आणि तेही चहूकडून चहूकडे.

"काय कटकट आहे," ते म्हणाले.

"मोडलात का?" आतून बायकोनं, नीलानं विचारलं.

"अजून नाही."

वीतभर उंचीचं ते लाल-पांढरं ध्यान. त्याचे हात-पाय दुमडले की त्याचा म्हणे आग विझवायचा बंब होतो. मुलानं, आल्हादनं ते जपानहून मागवलं होतं. आठ महिने वाट पाहिली, आणि आल्यावर त्याला काचेचं कपाट केलं. हा माणूस गोदामात शिफ्ट इनचार्ज, दीडशे लोकांवर दिवसभर ओरडतो, आणि घरी आला की चष्म्याच्या फडक्यानं रोबोचं तोंड पुसतो. बरं, वय काय, तर अडतीस. प्रभाकररावांना हे बघून रोज नव्यानं वैताग यायचा. आज सकाळी चहाच्या वेळी तो तोंडातून बाहेर पडला.

विषय खरा स्कूटरचा होता. दोन महिने किल्ली आल्हादच्या खिशात होती. आज दसरा. दर दसऱ्याला प्रभाकरराव स्कूटर धुवायचे, हार घालायचे आणि नीलाला मागे बसवून दिघाशीला बाळारामकडे सोनं द्यायला जायचे. बाळाराम त्यांच्या शाळेतला जुना शिपाई. एकोणतीस वर्षांत एक दसरा चुकला नव्हता.

"रिक्षानं जा ना बाबा," आल्हाद म्हणाला होता.

"रिक्षानं पाहुणे जातात."

"मग मी संध्याकाळी सोडतो."

"मला सोडायला नको कुणी. स्वतः पोरखेळ करतोस आणि मला अक्कल शिकवतोस?"

आल्हाद उठला. काचेचं कपाट त्यानं स्वतःच्या हातानं उघडलं, रोबो आणि कागद वडिलांच्या बशीशेजारी आणून ठेवला.

"पोरखेळ आहे ना? मग करा याचा बंब. दोन वाजता मी येतोय. झालेला असला तर किल्ली तुमची, मी परत तोंड उघडणार नाही. नसला झाला तर तुम्ही उघडायचं नाही."

दिवाळीचा माल चढलेला, त्यामुळे गोदामाला दसऱ्याची सुट्टी नव्हती. तो बॅग उचलून निघून गेला. प्रभाकरराव तेव्हा हसले होते. चाळीस वर्षं स्कूटर त्यांनी स्वतः खोलून जोडली होती, कार्बोरेटरसुद्धा. हे तर प्लॅस्टिक.

अकरा वाजता ते एकोणिसाव्या चित्राशी आले आणि तिथेच बसले.

काम एवढंसंच होतं. रोबोच्या डाव्या काखेत एक खटका होता. तो डाव्या अंगठ्यानं दाबून धरायचा आणि तेवढ्यात उजव्या हातानं छाती फिरवायची. प्रभाकररावांनी अंगठा ठेवला, दाबला. खटका जागचा हलला नाही. परत दाबला. टेबलाच्या कडेवर टेकवून दाबला. मग उजव्या हातानं दाबला, तर खटका मुकाट आत गेला. पण मग छाती फिरवणार कोण? डाव्या हाताच्या बोटांतून ती निसटायची. दाढेखाली धरून बघावं असंही एकदा मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

त्यांनी डावा हात टेबलाखाली नेला आणि मूठ वळली. ती पुरती मिटत नव्हती. हे त्यांना नवीन नव्हतं.

श्रावणात निजामपुऱ्यातून भाजी घेऊन येताना वळणावर त्यांनी डाव्या हातानं क्लच आवळला. म्हणजे आवळला असं त्यांना वाटलं. बोटं आवळलीच नव्हती. स्कूटर गचका देऊन आडवी झाली. त्यांना खरचटण्यावर निभावलं. मागे बसलेल्या नीलाचं कोपर मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. खड्डा होता, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आल्हादला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. भिवंडीत खड्डा म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही.

फोन वाजला. बाळाराम होता.

"भाऊ, औंदा येनार हाय ना?"

"येणार म्हणजे काय. चारपर्यंत पोचतो."

"वैनींना आना. रस्ता बरा हाय आता."

"आणतो," प्रभाकरराव म्हणाले आणि फोन ठेवून परत खटक्याला भिडले. साडेबारा झाले. अंगठ्याचं टोक लाल झालं होतं. मेल्या, तुला बनवणाऱ्याला दुसरं काही काम नव्हतं का, असं ते त्या रोबोला अगदी स्पष्ट शब्दांत बोलले.

नीला पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं टेबल पाहिलं, मग त्यांचा हात.

"कुठं दाबायचंय?"

"तू नको. पैज माझी आहे."

"मला पुऱ्या तळायच्यात. कुठं दाबायचं ते सांगा."

त्यांनी दाखवलं. तिनं अंगठा ठेवून दाबला, त्यांनी छाती फिरवली आणि ती इतकी सहज फिरली की त्यांना जास्तच राग आला. पुढची बारा चित्रं त्यांनी एकट्यानं पाव तासात उरकली. शिडी वर आली, चाकं खाली आली. बंब तयार.

नीला केव्हाच आत गेली होती. त्यांनी जेवून घेतलं, इस्त्रीचा सदरा घातला, आपट्याची पानं पिशवीत भरली.

आल्हाद सव्वादोनला आला. दारातच थांबला. मग जवळ येऊन त्यानं बंब उचलला, उलटा करून खालून पाहिला.

"तुम्ही केलात?"

प्रभाकररावांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं. पण नीलाच आधी बोलली.

"मग कोण करणार? सकाळपासून उठले नाहीत खुर्चीवरून."

"काखेतला खटका पण? मला दोन दिवस लागले होते तिथं."

"सगळंच त्यांनी केलं."

आल्हादनं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. चेहरा उतरला होता, पण शब्द फिरवला नाही.

"आई, तू पण जाणारेस?"

"म्हणजे काय, दरवर्षी जाते," नीला म्हणाली. तिनं पर्स डाव्या खांद्याला लावायला घेतली, हात सरळ होईना, तशी ती उजव्या खांद्याला लावली आणि चप्पल शोधायला लागली.

प्रभाकररावांनी किल्ली उचलली. आपलं खोटं त्यांनी कसंबसं पचवलं असतं. हिचं मात्र घशाखाली उतरेना. ते किल्लीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी ती आल्हादपुढे सरकवली.

"खटका हिनं दाबला. माझ्या डाव्या हातात जोर नाही. श्रावणापासून नाही." ते थांबले. "तिथं खड्डा नव्हता."

आल्हादनं बंब हलकेच खाली ठेवला.

प्रभाकरराव नीलाकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"मी मागेच बसले होते ना."

"आणि तरी आज परत बसायला निघालीस?"

नीलाला चप्पल सापडली होती. ती पायात सरकवत म्हणाली, "तुम्ही मला बसवलं नसतंत, खात्री होती."

मग तिनं आल्हादला खाली जाऊन रिक्षा बघायला सांगितलं.