तीन आणि वर जरा

मी दारं, खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे बनवतो. लोखंड कापायचं, जोडायचं, घासायचं. खाली वर्कशॉप, वर राहायची एक खोली. बायको जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून वर-खाली मिळून आम्ही दोघंच, मी आणि माझी पंधरा वर्षांची मुलगी. तिला मी मुकादम म्हणतो, कारण या घरात कामाला मला ती लावते. चष्मा लावा, हातमोजे घाला, आधी जेवून घ्या. माझ्यासारख्या तिरसट माणसावर असं डाफरायची हिंमत दुसऱ्या कुणाच्यात नाही.

तिच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाई एक फॉर्म घेऊन आल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात सहा दिवसांचं निवासी शिबिर, नववी-दहावीच्या मुलांसाठी. तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं आणि इंजिनिअर काय करतात ते आपल्या हातांनी करून बघायचं. मी म्हटलं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला, खाली उतर, रोज दाखवतो. बाई हसल्या आणि मग खरी गोष्ट सांगितली. चाळीस मुलांमधून शेवटच्या दिवशी चार निवडणार. त्या चौघांना पुढची दोन वर्षं कॉलेजच्या वसतिगृहात राहून शिकायला मिळणार. फॉर्मला सुरकुती पडू नये म्हणून मुकादमने तो वहीत असा ठेवला की मला कळायचं ते कळलं. मी सही केली, आणि वर ऐटीत सांगितलं, निवड झाल्याशिवाय घरी येऊ नकोस म्हणून.

बोलायला माझ्या बापाचं काय जातंय. दोन वर्षं म्हणजे किती, ते मला ती गेल्यावर कळलं.

पहिल्याच दिवशी एका जिन्याचा कठडा मोजत होतो. टेपचं टोक धरायला तिला हाक मारली. येईना, म्हणून परत मारली, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. समोरच्या पंक्चरवाल्याने ऐकलं असणार, कारण त्याने मान खाली घातली. लाज वाटली ती वाटलीच, त्याहून जास्त राग आला, आणि राग कुणावर काढावा तर दुकानात काळं कुत्रं नव्हतं. टेपचं टोक मग पक्कडीत अडकवलं आणि काम उरकलं. संध्याकाळी वर गेलो तर ती एवढीशी खोली, पण खायला उठली.

मुलांचे मोबाइल शिबिराच्या ऑफिसात जमा करून घेत आणि सहा ते साडेसहा एवढाच वेळ परत देत. मी पावणेसहालाच मशिन बंद करून, हात धुऊन, फोन समोर ठेवून बसायचो. पहिल्या दिवशी ती रडवेली होती. तिच्या गटात आणखी तीन मुली, आणि ही कुठल्याशा पट्टीला बघून ‘पाच सूत’ म्हणाली तर तिघी फिदीफिदी हसल्या. त्यांना सूत म्हणजे शिवणाचा दोरा. आता आमच्या धंद्यात एका इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सूत. माझ्या वस्तादाने मला सुतात शिकवलं, मी हिला सुतात शिकवलं. मी म्हटलं, हसू दे, त्यांच्या घरचं दार कुणीतरी सुतातच मोजलं असेल. ती हसली. तो दिवस मला बरा गेला.

दुसऱ्या दिवशी रडणं थांबलं होतं. तिसऱ्या दिवशी ती घाईत होती. मागून कुणीतरी तिला बोलावत होतं आणि ती ‘आले, आले’ म्हणत होती. मी काय जेवलो ते विचारायचं ती विसरली. मी आपण होऊन सांगितलं, तर म्हणाली, हो का, बरं. पाच मिनिटांत फोन ठेवला. मी पंचवीस मिनिटं तसाच बसून राहिलो, उरलेल्या वेळात परत करेल म्हणून. आता हे कुणाला सांगायचं? लहान मुलासारखं रुसायला माझं वय राहिलेलं नाही.

चौथ्या दिवशी ती सहाच्या ठोक्याला फोनवर हजर.

“बाबा, नीट ऐका आणि कुठे चुकलंय ते सांगा,” ती म्हणाली.

शेवटच्या दिवसाचं काम मिळालं होतं. प्रत्येक गटाने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा एक छोटा पूल करायचा. मोठ्या हॉलमध्ये दोन ठोकळे पक्के बसवलेले, त्यांच्यावर शनिवारी पूल ठेवायचा आणि मधोमध वजनं टांगायची. जो जास्त वजन पेलेल तो पुढे. पट्ट्या एकदाच मिळणार, आणि शुक्रवारी सकाळी कापून देणारा माणूस कागदावर लिहिलेल्या मिलिमीटरवर कापणार. कापलं की कापलं. ठोकळ्यांमधलं अंतर मोजायला सगळ्यांना एकदाच आत सोडलं होतं. हिने सवयीने टेप इंचाच्या बाजूने लावला. तेरा इंच. म्हणजे एकशे चार सूत. टेकायला दोन्हीकडे चार-चार सूत जास्त, म्हणजे एकशे बारा. “एकशे बारा त्रिक तीनशे छत्तीस,” ती म्हणाली. “लांब पट्टी तीनशे छत्तीस मिलिमीटर. बरोबर?”

बरोबर नव्हतं. एका सुताला तीन मिलिमीटर हे मीच तिला शिकवलं होतं. आठ वर्षांची असेल तेव्हा. गिऱ्हाईक मिलिमीटरमध्ये बोलायला लागलं की मी तिला म्हणायचो, सुताला तीन धर, आणि वर जरा. ते ‘वर जरा’ दोन-चार सुतांना कुणाच्या लक्षातही येत नाही. शंभर सुतांना ते बोटाच्या जाडीएवढं भरतं. शाळेच्या पुस्तकातला आकडा तिला पाठ असणार, पण टेप हातात आला की तिचं डोकं वर्कशॉपमधल्यासारखं चालतं. ठोकळ्यांमधलं अंतर खरं तीनशे तीस, पट्टी हवी तीनशे पंचावन्न. पूल दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटर टेकला असता, कसाबसा, आणि पहिलं जड वजन टांगलं की मधून खाली.

हे सगळं मला ती बोलत होती तेवढ्यातच दिसलं. तीस वर्षं हेच तर करतोय. तोंड उघडून दोन शब्द बोलायचे होते, ‘वर जरा’. आणि मी मिठाची गुळणी धरून बसलो. मनात काय आलं ते सांगून टाकतो, लपवून काय करू. पूल पडेल, ती रडेल, चार दिवस गप्प राहील, आणि मग खाली येऊन म्हणेल, बाबा, चष्मा लावा.

“बाबा? आहात ना?”

“बरोबर आहे,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की म्हटलं ना. दे कापायला.”

त्या संध्याकाळी जेवलो नाही. पोरीचं वाटोळं करायला बाहेरचं कुणी लागतंच कशाला, घरात बाप आहे तेवढा पुरे. सकाळी साडेसातला शिबिराच्या ऑफिसला फोन लावला, तो कुणी उचलेना. नऊला उचलला तर एक माणूस म्हणाला, मुलं वर्कशॉपमध्ये आहेत, निरोप असेल तर सांगा. मी विचारलं, पट्ट्या कापून झाल्या का? तो म्हणाला, ते आम्हाला काय माहीत. निरोप काय देऊ? तुझा बाप खोटं बोलला असा निरोप देऊ? मी म्हटलं, काही नाही, संध्याकाळी बोलेन. दिवसभरात एक दार वाकडं जोडलं, उलगडलं, परत वाकडं जोडलं. सहाला हात धुऊन बसलो. सांगूनच टाकायचं ठरवलं होतं. कापलं असलं तरी सांगायचं, काहीतरी जोड देता येईल.

फोन आला नाही. साडेसहापर्यंत नाही, आणि त्यानंतर यायचा प्रश्नच नव्हता. मी केला तर बंद.

शनिवारी पहिल्या बसने निघालो. पालकांना दहाला आत सोडणार होते, मी आठलाच फाटकाशी. हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, मी शेवटच्या रांगेत भिंतीला लागून बसलो. बाकीचे आई-बाप जोडीने आलेले, एकमेकांना कोपर मारून आपापलं पोर दाखवत होते. मुकादम पुढे गटाबरोबर उभी. आपल्यालाच शोधतेय असं वाटून मी हात वर केला, तिने बघितलं आणि मान हलवली. हसली नाही. तिच्या गटाचा नंबर सातवा.

त्यांनी पूल आणून ठोकळ्यांवर ठेवला. दोन्हीकडे छान अर्धा-अर्धा इंच टेकला. मला लांबूनही कळतं ते. वजनं चढत गेली. पूल मधे जरासा लवला, पण सटकला नाही. अकराव्या वजनाला एक बोल्ट सुटला, तोवर आधीचे सगळे गट कधीच मागे पडले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवायला उशीर केला, कारण मला उठून उभं राहायचं की खाली बसायचं तेच कळत नव्हतं.

सगळे गट झाल्यावर चार नावं वाचली, त्यात तिचं पहिलं. वर्कशॉपचे मास्तर माझ्यापाशी येऊन सांगू लागले की काल कापायला कागद द्यायची वेळ आली तेव्हा ही पोरगी रांगेतून बाहेर पडली आणि हॉल उघडून द्या, परत मोजायचंय म्हणून हटून बसली. मग सगळाच हिशेब नव्याने केला, रात्री जेवायच्या घंटेपर्यंत गट वर्कशॉपमध्येच होता. मोजलेलं परत मोजायचं, हे तिला बाबांनी शिकवलंय म्हणाली. मास्तरांनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो सोडवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात एका बाकावर ती संमतीचा फॉर्म घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो.

“मला चूक दिसली होती,” मी म्हणालो. “तू बोलत होतीस तेव्हाच.”

“माहीत आहे.”

“कसं?”

“तुम्ही मला आजवर कधी पहिल्या झटक्यात बरोबर म्हणालात का? साधा खिळा ठोकला तरी त्यात खोट काढता. फोन ठेवतानाच म्हटलं, काहीतरी मोठंच चुकलंय.” ती फॉर्मकडे बघत होती. “आणि तुम्ही का नाही सांगितलंत, तेही कळलं. काल सकाळी रांगेत तो चुकीचा कागद हातात धरून उभी होते, बाबा. म्हटलं, देऊन टाकू तसाच. बाबांना मी घरी हवी आहे तर जाऊ घरी. मग त्या तिघींकडे बघितलं. त्यांनी चार दिवस मरमर केली होती. त्यांचा काय दोष?”

माफ कर म्हणायचं होतं, पण ते शब्द माझ्या तोंडाच्या सवयीचे नाहीत. मी म्हणालो, मी वाईट वागलो. ती म्हणाली, हो. मग तिचा आवाज चढला, अगदी माझ्यासारखा.

“सरळ सांगायचं ना, जाऊ नकोस म्हणून. मी गेले नसते.”

“म्हणून तर नाही सांगितलं.”

तिने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते आणि मी त्यावर हात ठेवला, तो तिने राहू दिला. आतून कुणीतरी फॉर्म जमा करायला बोलावत होतं. दोन मुलं आपापल्या आई-बापांबरोबर आमच्या समोरून गेली. मुकादमने नाक पुसलं, फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, “अजूनही सांगू शकता.”

“पेन दे,” मी म्हणालो.