कॅमेऱ्याशेजारची जागा

एडिथ क्रॅनमर रंगभूमीवर घडली आणि पडद्यावर चमकली, असं माझ्याबद्दल लिहिणारे लोक अजून आहेत. लिहू देत बापडे. पडद्यावर मी चमकले कशी, हे मला नीट ठाऊक आहे. ते सांगायची लाज वाटते म्हणून तेहतीस वर्षं मी तोंड मिटून बसले होते.

विल्मा स्टोडार्ड आणि मी न्यूयॉर्कला नट्यांच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. खोलीत शेगडीला बंदी होती, म्हणून डब्यातलं टोमॅटोचं सूप आम्ही हिटरवर ठेवून कोमट करायचो. दोघींत मिळून बरी म्हणावी अशी एकच हॅट होती. जिची ऑडिशन, तिच्या डोक्यावर हॅट.

पुढे एका नाटकाच्या दौऱ्यात आम्ही दोघी होतो. हार्टफर्डच्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात मी ठार अडकले. एक शब्द आठवेना. विल्मा चहा ओतायच्या निमित्ताने माझ्यापाशी आली, किटलीवर वाकली आणि ओठ न हलवता माझं वाक्य तिने मला दिलं. अंक संपल्यावर मी विंगेत लटलट कापत होते, तर म्हणते कशी, "चहा इतका कडक झाला होता का गं?" पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही.

एक्केचाळीस साली आम्हाला दोघींना एकाच स्टुडिओने कॅलिफोर्नियात बोलावून घेतलं. सिनेमाही एकच. मी नायिका, ती माझी थोरली बहीण. तिचं काम लहान होतं, पण त्यात एक सीन असा होता की नटीने त्यासाठी जीव टाकावा. बाप वारलेला, थोरलीने त्याची सेवा केलेली, आणि धाकटी अंत्यविधी उरकल्यावर तीन दिवसांनी घरी उगवते. तेव्हा थोरली तिला काय ते सुनावते. अख्खं पान तिचं. माझी फक्त तीन वाक्यं.

असा सीन एकेकीच्या चेहऱ्यावर वेगवेगळा घेतात. एकीचा क्लोजअप चालू असताना दुसरी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभी राहून आपली वाक्यं म्हणते. ती पडद्यावर दिसत नाही, पण समोरचीला बोलायला डोळे मिळतात. तसा कायदा नाही. मोठे नट आपला क्लोजअप झाला की सरळ निघून जातात, आणि मग संहिता सांभाळणारी बाई त्यांची वाक्यं वाचून दाखवते.

सकाळी आधी माझा क्लोजअप झाला. विल्मा कॅमेऱ्याशेजारी उभी होती. ती कुणाला दिसणार नव्हती, तरी खऱ्या अश्रूंनी अख्खं पान सात वेळा बोलली. मी रडले ती तिच्यामुळे. डायरेक्टरने मला मिठी मारली.

मग विल्माच्या क्लोजअपसाठी दिवे फिरवायला तासभर लागणार होता. विल्मा म्हणाली, "एकदा नुसतं म्हणून घेऊ या का?" ती अगदी हळू बोलली, दिवाही नव्हता तिच्यावर, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा सीन बघून लोक घरी जातील ते विल्माला मनात घेऊन जातील, मला नाही, हे मला तेव्हाच कळलं. मी उठले आणि डायरेक्टरच्या मदतनिसाला म्हणाले, "माझं डोकं फार दुखतंय. मी पडते जरा."

डोकंबिकं काही दुखत नव्हतं. मी मेकअपच्या खोलीत बसून कोंबडीचं सँडविच खाल्लं आणि मासिक चाळलं. सँडविच चवीने खाल्लं, हेसुद्धा सांगून टाकते.

तिकडे संहितेच्या गर्ट्झबाईंनी स्टुलावर बसून, कागदातून मान वर न काढता, किराण्याची यादी वाचावी तशी माझी तीन वाक्यं वाचली. विल्माने आपलं सगळं काळीज त्यांच्या केसांच्या भांगापुढे ओतलं. अकरा टेक झाले. नंतर ते तुकडे मी स्टुडिओच्या छोट्या थिएटरात बघितले. तिचे डोळे कुणाला तरी शोधत होते आणि समोर कुणीच नव्हतं. शेवटी त्या पानातली दोनच वाक्यं ठेवली, तीही पडद्यावर तिची नुसती पाठ दिसत असताना. त्या सिनेमानंतर माझं नाव सिनेमाच्या नावाच्या वर यायला लागलं. विल्माचा करार स्टुडिओने पुढे चालू ठेवला नाही.

जायच्या दिवशी ती माझ्या दाराशी आली. हातात बॅग होती.

"डोकं दुखायचं थांबलं का?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

ती मान हलवून गेली. एवढंच आमचं शेवटचं बोलणं.

त्यानंतरची माझी कारकीर्द तुम्हाला ग्रंथालयात सापडेल. चव्वेचाळीस चित्रपट, पुन्हा ब्रॉडवे, मग टेलिव्हिजन. आता मी बासष्टची. गेल्या महिन्यात एका मालिकेत मरायला टेकलेल्या आईचं काम होतं. माझी मुलगी झालेली कॅरन मॅकाव्हॉय म्हणजे सध्याची मोठी नटी. माझा क्लोजअप दिवसाच्या अखेरीस आला. कॅरनचं काम कधीच संपलं होतं, बाहेर तिची गाडी उभी होती.

मी म्हटलं, "जा गं पोरी. वाचेल कुणीतरी."

"छे, मिस क्रॅनमर!" असं म्हणून तिने चपला काढल्या आणि कॅमेऱ्याशेजारी अनवाणी उभी राहिली. दोन तास. प्रत्येक वेळी तिचे डोळे भरून आले. इतकी वर्षं काम केलं, पण असे डोळे मला विल्मा शेजारी उभी होती त्या सकाळनंतर मिळाले नव्हते.

काम संपल्यावर मी विचारलं, "हे कुणी शिकवलं तुला?"

"म्हणजे काय! तुम्हीच!" ती मोठ्याने म्हणाली. "ऐका रे सगळे. मी न्यूयॉर्कला मिस स्टोडार्डकडे शिकले. पहिल्याच दिवशी त्या सांगतात की त्यांच्या एकुलत्या एका क्लोजअपला एडिथ क्रॅनमर तापाने फणफणलेली असताना दुपारभर शेजारी उभी होती. आपलं माणूस तसं उभं राहतं, म्हणतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवेवाल्यांनीही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आणि मी काय केलं? मी झुकून त्या टाळ्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी कॅरनकडून नंबर घेऊन मी फोन केला. "विल्मा, मी एडिथ."

 "डोकं कसं आहे?" पलीकडून आलं.

मला हुंदका आला. "तू मुलींना खोटं का सांगतेस?"

"पहिल्या वर्षी खरंच सांगितलं होतं. पोरी तासभर तुझ्या नावाने बोटं मोडत बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी आपापलं काम झाल्यावर समोरचीला टाकून कॉफी प्यायला गेल्या. मग मी गोष्ट फिरवली. तेव्हापासून उभ्या राहतात."

"म्हणजे तू मला माफ केलंस?"

"असलं काही डोक्यात आणू नकोस. तुझं नाव लोकांना माहीत होतं, मी ते वापरलं."

"काल मी टाळ्यासुद्धा घेतल्या, विल्मा."

"घेतल्याच असशील. तुला टाळ्या कधी नको झाल्यात?"

"मला त्यांना खरं सांगायचंय."

 ती म्हणाली, "गुरुवारी दोनला वर्ग असतो. ये. पण आत्ता आवाजाला लावलीयस ती थरथर घरी ठेवून ये."

वर्ग म्हणजे न्यूयॉर्कला चांभाराच्या दुकानावरची एक खोली. अठरा मुलंमुली. मी आत पाऊल टाकताच सगळी उठून टाळ्या वाजवायला लागली. ती गोष्ट त्यांना तोंडपाठ होती ना. या वेळी मी झुकले नाही. हात वर करून त्यांना थांबवलं आणि बोलायला लागले, पण नजर जमिनीवरून उठेना. जमीन झाली, मग खिडकी, मग पुन्हा जमीन. हार्टफर्डसारखी मी ठार अडकले.

मागच्या रांगेतून काठीचा आवाज आला. विल्मा उठली होती. केस पांढरे, एक पाय ओढत चालणारी. ती सावकाश पुढे आली आणि माझ्यासमोर, जरा एका बाजूला, कॅमेरा असता तर त्याच्या अगदी शेजारी, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

"फरशीशी काय बोलतेस?" ती म्हणाली. "इकडे बघ."

मी बघितलं.

"माझं डोकं दुखत नव्हतं," मी म्हणाले. तिने नजर हलवली नाही. माझं सगळं सांगून होईपर्यंत ती तिथेच उभी होती.