डाव्या गालावरचा पुरावा

मी एक व्रण बोलतोय. दचकू नका, मी खरा नाही. मी रबराचा आहे, बोटभर लांब, जरासा वाकडा. पावडर शिंपडलेली पत्र्याची डबी हे माझं घर.

सिनेमाच्या मेकअपवाल्या मावशींनी मला घडवलं. साचा घेतला तो त्यांच्या यजमानांच्या पोटावरून, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती तिथला. यजमान ग्रंथपाल, जन्मात कधी मुंगी मारली नाही. पण मी गालावर चढलो आणि लगेच सुरीच्या वाराची खूण झालो. डबीवर मावशींनी चिठ्ठी डकवली, 'मवाली, तरुण'.

त्यातला 'तरुण' लक्षात ठेवा. नऊ सिनेमे केले मी, सगळे खुनाचे, पण पंचविशीपुढच्या गालावर मला कुणी बसवलं नाही. वयस्कर खुनीही असतात की सिनेमात! पण त्यांना चष्मा देतात, व्रण नाही. मला लावणारा एक पोरगा तर असा होता की रक्ताचं नाव काढलं तरी त्याला घेरी यायची. तरी मी चिकटलो की चहावाला कप त्याच्या हातात न देता टेबलावर ठेवून सटकायचा. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटायचं.

मग दहावा आला. किडकिडीत, मऊ बोलणारा. "मावशी, डिंक जरा कमी लावा ना, खाज सुटते," एवढीच त्याची तक्रार.

गोष्ट एका दुकानदाराच्या खुनाची होती. खुनी निघतो त्याचा मेहुणा, पण मध्यंतरापर्यंत लोकांनी संशय घ्यायचा तो दुकानात काम करणाऱ्या या पोरावर. पोराला मालकाचं प्रेत दिसतं आणि तो रडतो, असा एक प्रसंग होता. तेवढ्यासाठीच त्याने काम घेतलं होतं. आधीच्या दोन सिनेमांत तो गुंडच होता, आणि नातेवाईक त्याच्या आईला हसत विचारायचे, "तुमचा तो दरोडेखोर काय म्हणतो?" ती माउली कुणाकडे जाईनाशी झाली होती. मी गालावर असतानाच त्याने तिला फोन केला.

"आई, या वेळी तू बघायला यायचंच. मी रडतो त्यात. चांगला मुलगा आहे मी."

आणि तो रडला. पहिल्याच खेपेला, असा की दिवेवाल्याने मान फिरवली. डोळ्यांतलं पाणी माझ्यावरून वाहिलं, माझी खालची कड सुटली, तरी कुणी 'कट' म्हणेना. मावशींनी पदराने नाक पुसलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी लाज वाटली.

दोन महिन्यांनी दिग्दर्शक मेकअपच्या खोलीत येऊन बसले.

"मावशी, वीस-पंचवीस लोकांना सिनेमा दाखवला. तो पोरगा रडायला लागला की लोक हसतात. म्हणतात, काय नाटकं करतोय बघा."

"मग व्रण काढून परत करू की तो प्रसंग."

"व्रण काढला तर लोक संशय कुणावर घेणार?"

"पण खून तर मेहुण्याने केलाय ना?"

"म्हणूनच तर!" ते म्हणाले. "रडणं काढून टाकलंय. नुसता तोंड पुसतो तेवढं ठेवलंय."

मावशींनी माझ्या डबीचं झाकण लावलं. पोराला कुणी कळवलं नाही.

पहिल्या खेळाला सगळ्यांच्या घरची माणसं आली. माझी डबी मावशींच्या पिशवीत होती. मध्यंतरात मावशी पाणी आणायला गेल्या आणि पिशवी त्याच्या आईशेजारच्या खुर्चीवर राहिली. पोरगा आईच्या पलीकडे बसला होता.

 मग आईने हळूच विचारलं, "खरं सांग. तूच मारलंस ना त्याला?"

तो हसला. ती हसली नाही.

"नाही गं आई. मी रडलो होतो तिथे. त्यांनी काढलं वाटतं ते."

"बरं," ती म्हणाली. लहानपणी त्याची थाप पकडल्यावर म्हणत असेल तसं.

उत्तरार्धात मेहुणा पकडला गेला, टाळ्या पडल्या. पोरगा उत्तरार्धात नव्हताच, त्यामुळे तो निर्दोष होता हे कुणाला आठवण्याचं कारण नव्हतं. घरी निघताना आई त्याच्याशी जेवणाचं बोलली, सिनेमाचं नाही.

आज मी कडांनी विरलोय. तरी समोरच्या खुर्चीत अकरावा येऊन बसलाय आणि मावशी डिंकाची बाटली हलवताहेत. मी रबराचा, मला 'नको' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. आणि त्या दहाव्याची आई कुठे भेटलीच, तर तिला एवढं सांगा, तो खरंच रडला होता. माझ्याहून जवळून ते कुणी पाहिलेलं नाही.